पोटावरच्या तेलापायी चांगला पंप काढू नका

घोडबंदर रोडला राहणारे एक हाडांचे डॉक्टर आणि त्यांचे दोन भागीदार यांच्या मालकीचं एक जुनं सेस्ना १७२ आहे. साठच्या दशकातलं. काँटिनेंटल ओ-३०० इंजिन, सहा सिलिंडर, १४५ अश्वशक्ती. उपकरणांसाठी हवा ओढणारा व्हॅक्युम पंप त्याला आहे तो 'वेट', म्हणजे इंजिनाच्या तेलावर चालणारा; तेलाशिवाय चालतो तो 'ड्राय'. ते कुठल्या धावपट्टीवर उभं असतं ते लिहीत नाही. तिथे तसं एकच आहे, लगेच ओळखू येईल. या विमानाच्या पांढऱ्या पोटावर दर उड्डाणानंतर तेलाचा काळपट ओघळ येतो. तिघांत वयानं जे धाकटे, त्यांना तो पुसायचा आता मनस्वी कंटाळा आलाय. त्यांचं म्हणणं, "मॅडम, हा वेट पंप काढू आणि ड्राय बसवू. सगळं जग कधीच ड्रायवर गेलंय."

मी एएमई होते, म्हणजे काम झाल्यावर 'विमान उडायला हरकत नाही' अशी सही करणारी. नोकरीचा बहुतेक काळ पिस्टन इंजिनांवर गेला, काँटिनेंटल कमी, लायकमिंग जास्त. दोन्ही प्रकारचे पंप या हातांनी बसवलेत आणि उतरवलेत. निवृत्तीनंतर लोक अशा गोष्टी विचारायला खोपटच्या घरी येतात, चहा पितात, आणि बहुतेक वेळा मनात आधीच ठरवून आलेले असतात. डॉक्टरांनी मात्र 'हे सगळं लिहून द्या' असा आग्रह धरला. भागीदारांना दाखवायचं असणार.

माझं मत आधीच सांगते. विमानावर चालू स्थितीतला वेट पंप असेल तर तो काढू नका. वेट पंप नसेल तर तो शोधत हिंडू नका. पाती किती झिजली ते तपासता येईल असा ड्राय पंप घ्या आणि त्याच्या जोडीला विजेवर चालणारं एक हॉरिझन, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, बसवा.

ज्यांना पंप कशासाठी असतो हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. छोट्या जुन्या विमानात आर्टिफिशियल हॉरिझन आणि दिशा दाखवणारा डीजी या दोन उपकरणांच्या पोटात जायरो असतो. पंप त्या डब्यांतली हवा ओढून घेतो, फिल्टरमधून आत येणारी हवा झोतानं जायरोच्या चाकावर पडते आणि चाक मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेतं. वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर बहुधा विजेवर ठेवतात, म्हणजे सगळं एकदम जात नाही. गेजवर पाऱ्याच्या साधारण ४.६ ते ५.४ इंच इतकी ओढ दिसायला हवी. पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर, वातावरणाच्या दाबाचा जेमतेम सहावा हिस्सा. एवढ्याशा ओढीवर वैमानिक ढगात 'वर कुठे, खाली कुठे' हे ठरवतो. १९२९ च्या सप्टेंबरात जिमी डूलिटलनं बाहेर काहीही न बघता विमान उडवून उतरवून दाखवलं, ते अशाच हॉरिझन आणि डीजीच्या भरवशावर. पंप यायच्या आधी विमानाच्या अंगावर व्हेंचुरीचं नळकांडं असे. विमान वेगात असेल तरच ते ओढायचं, आणि बर्फ धरला की बसलं.

आता वेट पंप. ज्यांनी तो उघडून पाहिलेला नाही त्यांना तो उगाच जुनाट आणि गबाळा वाटतो. आत पोलादी पाती असलेला एक रोटर, घरात थोडा एका बाजूला सरकवून बसवलेला. पंप ज्या पॅडवर बसतो तिथल्या भोकातून इंजिनाचं तेल आत येतं. हे तेल दोन कामं करतं, पाती झिजू देत नाही आणि पात्याच्या कडेची फट भरून हवा निसटू देत नाही. नंतर ते हवेबरोबर धुक्यासारखं होऊन बाहेर पडतं. बाहेरच्या वाटेवर सेपरेटर नावाचा डबा असतो. त्यातल्या आडव्या पत्र्यांवर तेल धरतं, निथळून परत इंजिनात जातं आणि हवा विमानाबाहेर. डबा शंभर टक्के तेल धरत नाही, थोडं निसटतंच.

या पंपाचं आयुष्य तासांत विचारलं तर मी इंजिनाच्या ओव्हरहॉलकडे बोट दाखवते. इंजिन उतरेल तेव्हा पंप उतरवा, मापं घ्या, सील बदला, परत चढवा. अशा रीतीनं दोन-दोन ओव्हरहॉल पाहिलेले पंप मी हाताळलेत. पण मला तो आवडतो तो टिकाऊपणामुळे नव्हे. म्हातारा होताना तो सांगतो, म्हणून. गेजवरचा काटा पाचावरून पावणेपाचावर येतो. मग कमी आरपीएमला साडेचारही भरत नाही, रनअपला, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन जोरात चालवून बघताना, मात्र बरा दिसतो. महिनोन् महिने हे चालतं. लॉगबुकात रनअपचा आकडा लिहायची सवय असेल तर पंप कधी उतरवायचा ते घरी बसून ठरवता येतं. त्याचा शाफ्ट कधीच तुटत नाही असं नाही, पण माझ्या पाहण्यात ते अपवादानं.

मग जग ड्रायवर का गेलं? त्याला सबळ कारणं होती. साठच्या दशकात एअरबोर्न कंपनीच्या ड्राय पंपांनी जोर धरला. विमानाच्या पंखांवरचा बर्फ झटकायला रबरी बूट फुगवायचे, तर तेलकट हवा रबराची वाट लावते. कोरडी हवा देणारा पंप त्यांना वरदानच होता. शिवाय तो हलका, सेपरेटर नको, तेलाची नळी नको, चार नट काढले की पंप हातात. विमान बनवणाऱ्याला आणखी काय हवं? नव्या विमानांवर तोच येऊ लागला आणि वेट पंप बनवणाऱ्यांनी हळूहळू गाशा गुंडाळला.

ड्राय पंपात रोटर आणि पाती ग्रॅफाइटयुक्त कार्बनची असतात. पाती घराच्या भिंतीला घासतात, भुकटी पडते आणि तीच भुकटी वंगणाचं काम करते. म्हणजे झिजत राहणं हाच त्याच्या चालण्याचा भाग आहे. पातं झिजून आखूड झालं की ते खाचेत नीट बसत नाही, तिरपं होतं, अडकतं. कार्बन ठिसूळ असल्यामुळे त्याच क्षणी रोटरचे तुकडे होतात. पंप अडकला म्हणून इंजिनाच्या गिअरना इजा होऊ नये, यासाठी मध्ये प्लॅस्टिकचं कपलिंग ठेवलेलं असतं. ते मुद्दाम तुटतं. हा सगळा प्रकार घडायला एक सेकंदही लागत नाही. लायकमिंगच्या ओ-३२० किंवा ओ-३६० वर हा पंप इंजिनाच्या १.३ पट वेगानं फिरतो. इंजिन २४०० वर असेल तर पंप ३१२० फेऱ्यांवर.

आमच्या तिथे शिकाऊ विमानावर हे एकदा झालं. आकाश स्वच्छ, दुपारची वेळ, इन्स्ट्रक्टर शेजारी. काटा पाचावर होता तो शून्यावर. खरी भीती त्यानंतरच्या काही मिनिटांची असते. जायरो लगेच थांबत नाही, मंदावत जातो, आणि हॉरिझन हळूहळू एका बाजूला कलतं. ढगात असलेला माणूस त्या कलत्या रेषेच्या मागे विमान कलवत नेतो. इथे बाहेर क्षितिज दिसत होतं, म्हणून इन्स्ट्रक्टरनं हॉरिझनवर कागद चिकटवला, विद्यार्थ्याला 'आता याच्याशिवाय उडव' म्हणून सांगितलं आणि वर धडाही उरकून घेतला. मी पंप उघडला तेव्हा आत काळी पूड आणि खड्यांएवढे तुकडे होते. स्टोअरमधून नवा आणून चढवला गेला आणि तोही लवकरच गेला, कारण पहिल्याचे तुकडे होज पाइपांत राहिले होते आणि नव्यानं ते गिळले. पंप मोडला की पाइप उतरवून आतून फुंकून साफ करायचे, आतून कडक झालेले सरळ फेकायचे, फिल्टर बदलायचे, हे पंपाबरोबर आलेल्या कागदावर ठळक छापलेलं होतं. त्या पाळीत कोणी तो उलगडला नव्हता, इतकंच.

माझ्या धाकट्या दिरांचा वागळे इस्टेटला ऑफसेट प्रेस आहे. तिथे कागद उचलायला जो पंप लावलाय तो अगदी याच जातीचा: कार्बनची पाती, तेल नाही, जर्मन बनावट. फीडर एकाच वेळी दोन कागद उचलायला लागला किंवा उचलेचना की भाऊजी मशीन थांबवतात, झाकण काढतात, व्हर्निअरनं पात्यांची रुंदी मोजतात. ठरलेल्या मापाखाली गेली असेल तर पाचही पाती बदलतात आणि अर्ध्या तासात छपाई सुरू. इस्टेटमध्ये अशी पाती कापून देणारे आहेत, आणि कामही चोख करतात. भाऊजी मला नेहमी चिडवतात, "वहिनी, माझी पाती शे-दोनशेत येतात आणि तुमच्या विमानाचा अख्खा पंप फेकून देता. ही लावून बघा की!"

बघता येणार नाही. विमानाच्या भागाला वंशावळ लागते. अमेरिकेहून आला तर तिथल्या विमान नियामकाचा, म्हणजे एफएएचा, ८१३०-३ दाखला, युरोपातून आला तर तिथल्या ईएएसएचा फॉर्म १. तो कागद नसेल तर भाग सोन्याचा असला तरी आपल्या डीजीसीएची मान्यता असलेली सीएआर-१४५ दुरुस्ती संस्था तो लावणार नाही आणि कोणताही शहाणा एएमई सही करणार नाही. पण भाऊजींच्या प्रेसमधली एक गोष्ट विमानवाल्यांनी जरूर उचलावी. ते पात्याची वाट बघत नाहीत. झाकण काढून मोजतात.

विमानाच्या ड्राय पंपात कितीतरी वर्षं ती सोयच नव्हती. पंप बंद डबा, आत काय चाललंय ते देवाला ठाऊक. काही जण ५०० तासांना डोळे मिटून बदलत, काही १००० पर्यंत रेटत, आणि काहींचा दोनशेतच जाई. आता बाजारात जे मिळतात त्यांत टेम्पेस्टच्या एए३२१५सीसी सारख्या पंपाला एक छोटं तोंड ठेवलेलं असतं. बूच काढून आत बारीक दांडी घातली की पातं किती उरलंय ते कळतं. ठरावीक तासांनंतर दर तपासणीला हे करायचं, कंपनीच्या कागदात कधी ते दिलंय. मला विचाराल तर ड्राय पंपात इतक्या वर्षांत झालेली सर्वांत मोठी सुधारणा ही. रॅपकोचे पंपही मी बसवलेत आणि त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. घेताना मात्र ज्या मॉडेलचा भाव सांगतायत त्यावर असं तपासणीचं तोंड आहे का, ते विचारून घ्या. नसलेला थोडा स्वस्त मिळत असेल तरी सोडून द्या. एअरबोर्नचा 'नवा, डबा न फोडलेला' पंप कुठे दिसला तर भुलू नका. एअरबोर्नची मालक कंपनी पार्कर, तिनं तो धंदा केव्हाच सोडलाय, म्हणजे तो पंप किती वर्षं फडताळात पडून आहे याचा विचार करा. कपलिंगमधला प्लॅस्टिकचा भाग न वापरताही म्हातारा होतो, त्याला तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा असते.

नावातल्या शेवटच्या अक्षरांकडे नीट बघा. सीसी आणि सीडब्ल्यू ही फिरण्याची दिशा आहे: सीडब्ल्यू घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, सीसी उलटी. पाती तिरकी बसवलेली असतात, उलट फिरवली तर ती मोडतात. चुकीची अक्षरं मागवली की पार्सल परत पाठवण्यात महिना जातो.

आणि ड्राय पंप अकाली जातो तेव्हा कंपनीला शिव्या देण्याआधी त्याच्या मागचं पॅड बघा. इंजिनाच्या बाजूचं सील गळत असेल तर तेल झिरपत पंपात जातं, कार्बनच्या भुकटीत मिसळून त्याचा चिकट लगदा होतो आणि पाती खाचेत चिकटून बसतात. ज्याला तेलाशिवाय जगायचंय त्याला तेलानंच मारायचं. इंजिन धुताना पंपाचा कपलिंगचा भाग झाकत नाहीत, तिथून सॉल्व्हंट आत जातं, तेही तसंच घातक. फिटिंग बसवताना पंपाचं अंग व्हाइसमध्ये आवळणं, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळणं, 'जरा सैल फिरावा' म्हणून तेलाचे दोन थेंब सोडणं, हे सगळं मी चांगल्या अनुभवी मिस्त्रींना करताना पाहिलंय. नळाच्या कामात टेप लावतात ते ठीक आहे. इथे टेपचा एक धागा सुटून आत गेला की संपलं.

आपल्याकडच्या हवेचा प्रश्न डॉक्टरांनी विचारला. कोकणपट्टीतला दमटपणा ड्राय पंपाला मानवेल का? गंमत अशी की ग्रॅफाइटला थोडा ओलावा लागतोच. हवेतल्या वाफेचा पातळ थर त्याच्या पदरांवर बसतो म्हणून ते घसरतं. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे कार्बन ब्रश भराभर झिजून संपायला लागले, तेव्हा हे नीट लक्षात आलं: वर हवा कोरडी, ग्रॅफाइटचं वंगणच नाहीसं. त्यामुळे दोन-तीन हजार फुटांवर, आपल्या दमट हवेत उडणाऱ्या विमानात पंपाला त्या बाजूनं काही त्रास नाही. त्रास आहे तो उभं राहण्याचा. पावसाळ्यात हे विमान आठवडेच्या आठवडे हँगरात असतं. अशा वेळी आतून तेलाचा हात फिरलेला वेट पंप मला जास्त भरवशाचा वाटतो. अर्थात, विमान इतकं उभं राहिलं तर पंपाआधी इंजिनातल्या कॅमशाफ्टच्या गंजाची काळजी करा.

आता मूळ तक्रार, पोटावरचं तेल. भागीदारांनी धरूनच चाललं होतं की ते पंपाचं. मी डॉक्टरांना म्हटलं, पोट स्वच्छ पुसा, एकच उड्डाण करा आणि ओघळ कुठल्या नळीपासून सुरू होतो त्याचा फोटो पाठवा. फोटो आला. मोठा ओघळ ब्रीदरच्या नळीपासून निघाला होता, सेपरेटरच्या नळीखाली बारीकशी रेघ होती. ब्रीदर म्हणजे क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी नळी. ती प्रत्येक इंजिनाला असते, पंप वेट असो, ड्राय असो, की नसोच. ड्राय पंप बसवला असता तरी पोट तितकंच काळं झालं असतं.

मग विचारलं, तेल किती भरता? "फुल, मॅडम. आठ क्वार्ट." (क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा जरासं कमी.) तेल कमी पडू नये म्हणून हँगरवरचा मुलगा दर वेळी काठोकाठ भरत होता. या सेस्नाच्या जुन्या मालक-पुस्तिकेतच लिहिलंय की सहाच्या खाली उडवू नका, तीन तासांच्या आतल्या नेहमीच्या उड्डाणाला सातच भरा म्हणजे ब्रीदरमधून तेल वाया जाणार नाही, आणि लांब जायचं असेल तेव्हा आठ. वरचं एक क्वार्ट इंजिन ठेवून घेतच नाही, फेकून देतं. पुस्तिका विमानातच होती, सीटमागच्या खिशात.

सेपरेटरही उतरवून घेतला. आत इतक्या वर्षांचा चिकट काळा थर होता आणि तेल परत नेणारी नळी अर्धी बुजलेली. वेट पंपवाल्यांनी एवढ्या एका गोष्टीकडे लक्ष द्यायलाच हवं, आणि इथे हयगय केली तर किंमत मोठी आहे: परतीची वाट पूर्ण बंद झाली तर तेल इंजिनात जाण्याऐवजी विमानाबाहेर जात राहील. सॉल्व्हंटमध्ये बुडवून स्वच्छ केला, नळी बदलली. तेल सातवर ठेवायला सांगितलं. आता पोटावर बोटभर रेघ येते. फडक्याच्या दोन हातांत जाते.

तरीही ड्राय बसवायचाच असता तर हिशेब काय झाला असता, तेही मांडून दाखवलं, कारण धाकटे भागीदार फक्त पंपाची किंमत धरून बसले होते. पंप अमेरिकेत काही शे डॉलरचा. आयजीएसटीचा घोळ बराच कमी झालाय, जुलै २०२४ मध्ये विमानाच्या सुट्या भागांना सरसकट पाच टक्के दर केला गेला. पण पंपाबरोबर पॅडवरची तेलाची वाट बंद करायची, गॅस्केट वेगळं, मागचं सील नवं, सेपरेटर काढून त्याची जोडणी बुजवायची, तेल प्यायलेले सगळे होज पाइप बदलायचे, ओढ ठरलेल्या मापात ठेवणारा रेग्युलेटर नव्यानं लावून घ्यायचा. शिवाय मूळ आराखड्यात बदल म्हटल्यावर मंजूर डेटा दाखवावा लागतो, त्याची कागदपत्रं वेगळी. पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च, आणि बदल्यात मिळणार काय तर न सांगता मरणारा पंप.

त्या पैशात मी काय घेतलं असतं? गार्मिन कंपनीचं जी५ हे इलेक्ट्रॉनिक हॉरिझन. २०१६ पासून ते अशा जुन्या प्रमाणित विमानांसाठीही उपलब्ध आहे, विजेवर चालतं, आत जायरोचं चाकच नाही, आणि सोबतच्या बॅटरीवर विमानाची वीज गेली तरी चार तासांपर्यंत चालू शकतं. पंपावरचं एक हॉरिझन आणि विजेवरचं दुसरं, अशी जोडी असेल तर एक खोटं बोलायला लागल्यावर दुसऱ्याकडे बघता येतं. सगळा व्हॅक्युमच काढून दोन जी५ लावा, असा सल्ला देणारेही भेटतील, आणि नवं पॅनल करायचंच असेल तर तो चुकीचा नाही. पण या विमानात जुना जनरेटर आहे. इंजिन कमी फेऱ्यांवर असलं की तो पुरेशी वीज देत नाही. आधी विजेची बाजू बघा, मग ठरवा. फक्त दिवसा, स्वच्छ हवेत फेरी मारून येणार असाल तर पंप गेला म्हणून कोणी मरत नाही, खिडकीबाहेर बघायचं. डॉक्टर मात्र इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या, म्हणजे बाहेर न दिसता केवळ उपकरणांवर उडण्याच्या परवान्याच्या, तयारीला लागलेत, म्हणून त्यांना मी एकावर भागवू नका असं स्पष्ट सांगितलं.

पंप कुठलाही असो, दोन फिल्टर बदलत राहा. रेग्युलेटरवरचा स्पंजचा गार्टर फिल्टर, बी३-५-१ म्हणून मागतात तो, दर १०० तासांना. उपकरणांच्या मागचा मोठा, डी९-१८-१, दर ५०० तासांना. पहिला तुंबला की काटा उगाच वर चढलेला दिसतो आणि लोक 'पंप जोरात आहे' म्हणून खूश होतात. काटा वर दिसला म्हणून रेग्युलेटरचा स्क्रू फिरवायच्या आधी तो स्पंज बदला. आजूबाजूला कोणी सिगारेट ओढत असेल तर मोठा फिल्टर ५०० पर्यंत टिकत नाही, पिवळा पडतो.

वेट पंपाची एक खरी अडचण राहिली. त्याचं ओव्हरहॉल करून देणाऱ्या जागा आता मोजक्या आहेत आणि त्या परदेशात. पंप पाठवला की तो येईपर्यंत विमान जमिनीवर. म्हणून डॉक्टरांना सांगितलंय की इंजिनाच्या ओव्हरहॉलची तारीख ठरली की पंप त्याच दिवशी उतरवून पाठवा, दोन्ही कामं एकदमच होतील. तोवर दर रनअपला गेजचा आकडा वहीत लिहा. साडेचारला टेकला तर मला फोन करा. धाकट्या भागीदारांना हे अजून पटलेलं नाही. त्यांनी ड्राय पंपाचं कोटेशन मागवून ठेवलंय, त्यावर सीडब्ल्यू लिहिलंय. मॉडेल ठरवण्याआधी पार्ट्स कॅटलॉगमध्ये दिशा बघून घ्या, एवढा निरोप डॉक्टरांमार्फत पाठवलाय.